अकरा वर्षांचे गणपती

शरयूमावशींच्या घरात मी वरची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी त्यांनी मला तीन नियम सांगितले. जिना उतरताना टाचा आपटायच्या नाहीत. वरण ढवळायचं नाही. आणि विचारल्याशिवाय तळघरात पाऊल टाकायचं नाही. मी पुण्याची, नियमांच्या पाट्या वाचतच मोठी झालेली. पण वरणाचा नियम मलाही नवा होता, म्हणून कारण विचारलं. मावशी नागपूरच्या. त्या म्हणाल्या, "ढवळलं की गढूळ होते नं सगळं. दहा मिनिटं बसू दे. पातळ वर राहते, घट्ट खाली जाते. मला पातळ आवडते, तुझं तू सांग." मी घट्ट म्हटलं आणि आमचं जमलं.

हे स्टेट कॉलेजमधलं. ते गावाचं नाव आहे, कॉलेजचं नाही, हे माझ्या आईला तीन वर्षांत पटलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांमधलं विद्यापीठाचं गाव. इथे मुलं येतात, शिकतात आणि नोकरी लागली की जर्सी सिटीला पळतात. मीही पुढे तेच केलं. मावशी मात्र तिथेच टिकल्या होत्या. विद्यापीठात भूगर्भशास्त्राची एक प्रयोगशाळा त्या सांभाळायच्या. नद्या-तळ्यांच्या तळातून आलेला गाळ वाळवायचा, चाळण्यांतून चाळायचा, जाड-बारीक वेगळं करायचं आणि वजनं लिहून ठेवायची, हे त्यांचं काम. नागपूरच्या थोरल्या बहिणीला त्यांनी पहिल्याच वर्षी हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून बहीण अख्ख्या खानदानात सांगत सुटली की एमएस्सी झालेली आमची शरयू अमेरिकेत जाऊन चाळते. मावशींना त्याचं काही वाटत नसे. खोटं कुठे आहे त्यात, म्हणायच्या.

मूर्ती ठेंगणी. गळ्यात चष्म्याची दोरी आणि तिच्या जोडीला दगड बघायचं भिंग. ते भिंग त्या कुठेही डोळ्याला लावत. एका डोहाळजेवणात त्यांनी ओटीतले तांदूळ भिंगाखाली धरले आणि भर बायकांत जाहीर केलं की यात दोन जातीचे तांदूळ आहेत, दुकानदाराने फसवलं. जिची ओटी भरायची होती ती बिचारी तशीच पदर पसरून बसलेली. यजमानीणबाई पुढचे सहा महिने मावशींशी बोलल्या नाहीत, पण दुकान बदललं.

त्यांचं सगळं आयुष्य एका साध्या गोष्टीवर चालायचं. गाळावर गाळ बसतो. वरच्या ओझ्याने खालचा दाबला जातो, त्यातलं पाणी निघून जातं, कणांच्या फटींत चुनाबिना शिरून त्यांना एकमेकांना चिकटवतो आणि कधीतरी त्याचा दगड होतो. जुनं खाली, नवं वर. ज्याला हे कळलं त्याला कपाट आवरायची गरज नाही, असं त्यांचं मत होतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्यांच्या कागदांचा ढीग असे, चांगला हातभर उंच. पहिल्या डिसेंबरात मला घरभाड्याचा करार हवा झाला. मावशींनी विचारलं, सही कधी केलीस. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये. त्यांनी ढिगात लाकडी पट्टी खुपसली, वरचा भाग उचलला. हे थँक्सगिव्हिंगचं, म्हणाल्या. पट्टी खाली सरकली. हे दिवाळीचं आमंत्रण. अजून चार बोटं. हं, हा पाहा, खिडकीतून डास यायचे तेव्हाचा. आणि करार काढून माझ्या हातात दिला. मी माझे कागद रंगीत फायलींत लावते, त्यामुळे मला ते आजतागायत वेळेवर सापडलेले नाहीत.

माणसांचंही त्यांनी असंच वर्गीकरण केलेलं होतं. काही माणसं वाळू असतात, कुठेही टाका, पाच मिनिटांत तळाला जाऊन आरामात बसतात. काही चिकणमाती असतात, दिवसचे दिवस तरंगत राहतात. मी चिकणमाती आहे हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. मला राग आला होता. पण त्यानंतर मी घरच्या आठवणीने रडत बसले की त्या समजूत घालायला येत नसत. एकदा डोकावून बघत आणि "अजून तरंगून राहिली वाटते" म्हणून चहा ठेवत. मार्चमध्ये एका सकाळी मी गाणं गुणगुणत कपबशा धूत होते. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. बसलीस बाप्पा एकदाची, म्हणाल्या आणि कामाला निघून गेल्या.

त्यांच्याबरोबर गाडीतून जायचं म्हणजे मात्र शिक्षा. गावात भारतीय दुकान म्हणावं असं नव्हतं, त्यामुळे महिन्यातून एकदा आम्ही शेजारच्या शहरात सामान आणायला जायचो. तासाभराचा रस्ता. त्या भागात हायवे डोंगर कापून नेलेले आहेत आणि कापलेल्या कडांत दगडाचे थर उघडे पडलेले आहेत. बाकीच्यांना तिथे हायवे दिसतो. मावशींना कापलेली कड दिसली की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. एकदा परत येताना त्या अशाच कडेला थांबल्या आणि हातोडी घेऊन चढल्या. मागच्या सीटवर आमचे गोठवलेले पराठे हळूहळू माणसात येत होते. दहा मिनिटांत मागे लाल-निळे दिवे लावून पोलीस उभा. त्याने अदबीने विचारलं, गाडी बंद पडली का. मावशी वरूनच म्हणाल्या की गाडीला काही झालेलं नाही, इथे समुद्र होता. पोलिसाने आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कारण तोवर मलाही ते ठाऊक झालेलं होतं.

पुढची वीस मिनिटं तो पोलीस त्या कडेला उभा राहून शिकत होता. हा थर उथळ पाण्यातला, हा वादळानंतरचा, आणि हे शिंपलं. भिंग त्याच्या डोळ्याला, शिंपलं मावशींच्या तळहातावर. शेवटी त्याने आम्हाला ताकीद दिली की हायवेवर असं थांबायचं नसतं, आणि ती देताना एक शिंपलं स्वतःच्या खिशात टाकलं. पराठे घरी पोचेपर्यंत एकमेकांना चिकटून त्यांची एकच वीट झालेली होती. मावशींनी ती सुरीने मधोमध कापली, बारा थर मोजले आणि आम्ही ते थराथराने भाजून खाल्ले.

आता तळघर. तिथे ती टाकी होती, आणि मावशींचा जीव त्या टाकीत होता.

माशांची ठेवतात तशी काचेची टाकी, एका शिकून निघालेल्या मुलाने जाताना दिलेली. साधारण मोठ्या ट्रंकेएवढी लांब आणि गुडघ्यापर्यंत उंच. दर वर्षी गावातल्या मराठी घरांतल्या गणपतींचं विसर्जन त्यात होई. ओढ्यात विसर्जन करायला नगरपालिकेची परवानगी नाही आणि बादलीत करायला मन होत नाही, यावर शरयूमावशी आणि त्यांच्या यजमानांनी काढलेला हा तोडगा. पण एकदा विसर्जन झालं की लोक टाकी रिकामी करतात. मावशींनी कधीच केली नाही. टाकीच्या तोंडाशी एक जाळी टांगलेली असे. मूर्ती त्या जाळीवर पाण्यात ठेवायची, दोन दिवसांत ती विरघळायची आणि माती हळूहळू खाली बसायची. मग मावशी बारीक नळीने वरचं पाणी काढून घेत, पुढच्या वर्षापुरती जागा होई. असे अकरा वर्षांचे गणपती त्या टाकीत एकावर एक बसलेले होते. काचेवर प्रत्येक थराशेजारी मावशींच्या अक्षरात वर्ष लिहिलेलं होतं. एका वर्षी एका घराने चमकी लावलेली मूर्ती आणली होती, तो थर लखलखायचा. मावशींना तो आवडत नसे, पण निसर्गातही अभ्रक असतोच म्हणून त्यांनी चालवून घेतलं होतं.

खालचे पाच थर लाल होते आणि वरचे सहा राखाडी. राखाडी म्हणजे शाडू, लोकांनी भारतातून बॅगेत भरून आणलेल्या मूर्तींचा. लाल होता तो मनोहरकाकांचा. काका म्हणजे मावशींचे यजमान. मी त्यांना पाहिलेलं नाही, मी येण्याआधीच ते गेले होते. ते विद्यापीठाची बस चालवायचे आणि हौसेने गणपती करायचे. घरामागच्या ओढ्याची लाल माती आणायची, पाण्यात कालवायची, मावशींच्या जुन्या सुती साडीतून गाळायची आणि मूर्ती करायला बसायचं. मातीची तयारी इतकी सुरेख की प्रयोगशाळेच्या चाळणीतूनही ती सगळीच्या सगळी पार व्हायची. मूर्तीच्या नावाने मात्र आनंद. फोटो मी पाहिलेले आहेत. एका वर्षीचा गणपती हुबेहूब विभागप्रमुखांसारखा दिसत होता, आणि एका वर्षी उंदीर इतका देखणा झाला होता की लोक चुकून त्यालाच नमस्कार करत. तेव्हा गावात सगळ्यांचा मिळून तो एकच गणपती असे. पाच वर्षं काकांनी तो केला. सहाव्या वर्षी बसमधून उतरून घरी आले, छातीत दुखतं म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत गेले.

मला पहिल्यांदा तळघरात नेलं तेव्हा मावशींनी हे सगळं सांगितलं. मी फोटोंचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, "फोटोत नुसतं दिसते. हे त्यांच्या हातचं आहे." आणि काचेला भिंग लावून लाल थराची कड मला दाखवली.

त्या थरांसाठी मावशींनी जे काही केलं त्याला वेड हाच शब्द आहे. कपडे धुवायचं मशीन तळघरात असायचं. ते गरगर फिरताना जमीन थरथरते म्हणून त्यांनी ते देऊन टाकलं. तेव्हापासून दर रविवारी त्या बोचकं घेऊन बाहेरच्या लाँड्रीत जात. जिन्यावर टाचा आपटायच्या नाहीत तो नियम यासाठीच. विसर्जनाच्या दिवशी तळघरात एका वेळी सहाच माणसं, तीही अनवाणी. आवाजाने गाळ हलत नाही हे मावशींनी शंभरदा सांगूनही लोक आपणहून कुजबुजत. अख्ख्या जगात कुजबुजत गणपती बाप्पा मोरया म्हणणारं दुसरं मंडळ नसेल. पुढच्या वर्षी लवकर या, हे सुद्धा देवाच्या कानात सांगितल्यासारखं. इथे जन्मलेल्या पोरांना वाटे की पद्धतच अशी आहे.

आमचं मंडळ म्हणजे तेरा घरं आणि एक ईमेलची यादी. त्या मंडळाच्या वार्षिक सभेत मावशींनी एकदा ठराव मांडला होता की ही टाकी पुढली दहा लाख वर्षं कुणी हलवू नये, म्हणजे तिचा व्यवस्थित दगड होईल. कुणीतरी विचारलं, तोपर्यंत चिटणीस कोण राहणार. त्यावर थोडी चर्चा झाली. शेवटी बटाटेवडे गार होत होते म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. टाकीत हात घालू नये, हाही त्याच ठरावात होता. हे सगळं इतिवृत्तात लिहिलेलं आहे, आणि इतिवृत्त कोणी वाचत नाही.

माझं तिथलं शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी अतुल चिटणीस झाला. मूळ ठाण्याचा, काही वर्षं जर्सी सिटीत राहून घरून काम मिळाल्यावर नुकताच आमच्याकडे आलेला. माणूस गुणी. जिमला जायचा, वेळ पाळायचा आणि प्रत्येक गोष्टीचा एक्सेलचा तक्ता करायचा. गणपतीत सगळं पद्धतीने झालं पाहिजे हा त्याचा आग्रह, आणि पद्धत ठरवायला त्याची आई ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर हजर. विसर्जनाच्या रांगेतही त्याने पहिला नंबर स्वतःचा लावला, म्हणजे बाकीच्यांना बघून कळेल.

आता विसर्जन करून येताना पाट रिकामा आणत नाहीत. जिथे विसर्जन केलं तिथली मूठभर माती किंवा वाळू पाटावर ठेवून घरी आणतात. मावशींनी याची सोय कधीच करून ठेवली होती. वर दाराशी त्या ओढ्याच्या वाळूचं एक ताट ठेवत, जाताना प्रत्येकाने त्यातली चिमूट घ्यायची. जुन्या सगळ्यांना ते माहीत होतं. अतुलला कुणी सांगितलं नाही, कारण त्याला सगळं माहीत असतं असा सगळ्यांचा समज होता.

मी खाली जाळी धरायला उभी होते. अतुलने मूर्ती तीनदा बुडवली, जाळीवर ठेवली, हात जोडले. आम्ही कुजबुजत मोरया म्हटलं. तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशातल्या फोनमधून त्याची आई म्हणाली, माती घेतलीस का रे. अतुलने बाही वर केली आणि हात टाकीत घातला.

तो नंतर शपथेवर सांगत होता, आणि माझा त्यावर विश्वास आहे, की त्याने पूर्ण विचार केला होता. वरचा थर म्हणजे गेल्या वर्षीचे लोकांचे गणपती. दुसऱ्याचा गणपती आपल्या घरी कसा न्यायचा? म्हणून तो खालची साधी माती घ्यायला निघाला. काचेच्या कडेने त्याची बोटं खाली जाताना आम्हा बाकीच्या पाचही जणांना स्पष्ट दिसत होती. गेलं वर्ष गेलं. त्याच्या आधीचं गेलं. चमकीचं गेलं. आम्ही जिवाच्या आकांताने कुजबुजत होतो, अतुल, अतुल. त्याला वाटलं आपला जयजयकार चाललाय. खाली माती घट्ट लागायला लागली तसा त्याने खांदा लावला. जिमचं शरीर. हात तळाला टेकला, मूठ वळली, आणि त्याने ती एका झटक्यात वर काढली.

टाकीत लाल ढग उठला आणि बघता बघता सगळं पाणी विटकरी झालं. काचेवरची वर्षं तेवढी दिसत होती, त्यांच्यामागे काही नव्हतं.

मी जाळीसकट मूर्ती बाहेर उचलली, एवढं एकच मला सुचलं. मावशी त्यांचा गणपती घेऊन रांगेत शेवटी उभ्या होत्या. खालची शांतता ऐकून त्या उतरल्या. टाकीकडे बघितलं आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या. गणपती मांडीवर. मग अतुलला म्हणाल्या, मूठ उघड. त्याने उघडली. तळहातावर लाल माती, बोटांतून गळत असलेली. अतुलला तोवर कुणीतरी कानात सगळं सांगितलं होतं. तो माती परत टाकीत टाकायला धावला.

"नको," मावशी म्हणाल्या. "आता पुन्हा हात घालू नको. ती तुझ्याचकडे राहू दे."

जिन्यावर बारा गणपती ताटकळत उभे होते. उत्तरपूजा झालेल्या होत्या, त्यामुळे परत नेता येत नव्हते. शेवटी वरच्या बाथरूमचा टब भरला आणि तेराही गणपती त्यात गेले. लोक पाया पडून, प्रसादाचे डबे न उघडताच निघून गेले. एका लहान मुलीने टबाकडे बघून आईला विचारलं, "आर दे ऑल शेअरिंग?" आई हो म्हणाली. त्या टबामुळे मला पुढे सतरा दिवस विद्यापीठाच्या जिममध्ये जाऊन आंघोळ करावी लागली. त्याबद्दल मी अतुलला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

त्या सतरा दिवसांतल्या मावशी मला वेगळ्याच दिसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसायच्या. ज्या बाईने मला आठ महिने तरंगताना निवांत बघितलं तिला आता धीर धरवत नव्हता. एका सकाळी त्या मला म्हणाल्या की खालचे पाच तरी असतील, अशी आशा ठेवण्यात काही अर्थ आहे का. मला वाईट वाटलं, कारण अशा प्रश्नांची उत्तरं आमच्या घरात त्या द्यायच्या, मी नाही.

अतुल रोज सकाळी कामाला बसण्याआधी येई. अनवाणी. टॉर्च काचेला लावून किती खोलवर दिसतं ते मोजी आणि तक्त्यात भरी. आज तीन इंच, आज साडेतीन. चार दिवस मावशींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी त्याने भीत भीत सुचवलं की आमच्याकडे पाणी निवळायला तुरटी फिरवतात. मावशींनी त्याला विचारलं, फिरवायला हात कुणाचा घालणार. मग दोघांनाही हसू आलं, आणि त्या दिवसापासून त्याला चहा मिळायला लागला. त्याच्याकडची मूठभर माती त्याने डबीत घालून देवापुढे ठेवली होती. ती परत आणू का, असं त्याने विचारलं. मावशी म्हणाल्या, राहू दे, आमच्या ह्यांना दुसऱ्यांची घरं बघायची फार हौस.

अठराव्या दिवशी सकाळी अतुलची हाक आली. ओरडून मारलेली, तळघरातून. त्या घरात तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आम्ही दोघी धावत खाली गेलो, टाचा आपटत.

पाणी नितळ झालं होतं. कोपऱ्यात, जिथे हात गेला होता, तिथे सगळे थर खचून एकमेकांत मिसळले होते, राखाडी आणि लाल मिळून भलताच गोंधळ. पण तो तेवढ्याच वीतभर जागेत. बाकीच्या टाकीत खालचे पाचही लाल थर जसेच्या तसे होते. आणि सगळ्यांत वर, अकराही वर्षांच्या वर, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक लाल रेघ पसरलेली होती. शाडू जाड, तो आधी बसला होता. साडीतून गाळलेली काकांची माती सगळ्यांत बारीक, ती सतरा दिवस पाण्यात तरंगून शेवटी बसली होती.

मावशी गुडघ्यांवर बसल्या, भिंग लावून ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत सरकत गेल्या. परत आल्या. मग जमिनीवरच बसून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "यांना कधी रांगेत उभं राहता आलं नाही," त्या म्हणाल्या. "किराण्याच्या दुकानात, विमानतळावर, कुठेच नाही. कोणाशी तरी बोलत बोलत पुढे जाऊन उभे राहायचे. पाहा आता."

अतुलने तक्ता उघडलेला होता. त्याला प्रश्न पडला की या रेघेची नोंद कोणत्या वर्षात करायची. माती जुनी आहे. मला वाटलं मावशी चिडतील, पण त्या एकदम प्रयोगशाळेतल्या झाल्या. नदी हेच करते, म्हणाल्या. खालचं उकरते, पुढे नेऊन वर पसरते. "माती किती जुनी ते कोणी विचारत नाही, बेटा. जेव्हा बसली, तेव्हाची." आणि मार्कर घेऊन त्या लाल रेघेसमोर त्यांनी त्या वर्षीचा आकडा घातला. टबातले तेरा गणपती मागच्या अंगणात लायलॅकच्या झुडपाखाली गेले. या वर्षी टाकीत दुसरं काही टाकायचं नाही, असं त्यांनी मंडळाला कळवलं आणि मंडळाने न भेटता, ईमेलवरच ते मान्य केलं.

डिसेंबरात माझं शिक्षण संपलं आणि मी जर्सी सिटीला आले. इथे मी एकविसाव्या मजल्यावर राहते. समोरच्या इमारतीतही माझ्यासारखेच लोक आहेत, सगळे तरंगणारे. पुढच्या गणपतीला मी बसने स्टेट कॉलेजला गेले. पोचायला उशीर झाला, आरती आटोपून रांग तळघराकडे लागलेली होती. मी कपडे न बदलता, बूट काढून जिन्यात घुसले. लोक मला पुढे सोडत होते आणि कुजबुजत चौकशी करत होते.

खाली टाकीपाशी अतुल वाकलेला होता, बाही खांद्यापर्यंत वर, हात कोपऱ्यातल्या त्या खचलेल्या जागेतून आत उतरलेला. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. मावशी त्याच्याशेजारी पालथ्या बादलीवर बसलेल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं कोपर धरलेलं होतं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्या काचेतून त्याच्या बोटांकडे बघत होत्या.

"अजून खाली," त्या म्हणत होत्या. "घाई नको. यांना यंदाही वर यायचं आहे. लाल लागलं की सांग."